वारासिवनी ते तिरुपती : अंतर, उड्डाणकाल आणि प्रत्यक्ष प्रवासकाल

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥



वारासिवनी, रामपायली, कटंगी, लालबर्रा व बालाघाट या परिसरातील अनेक कुटुंबांचे कुलदैवत अथवा आराध्यदैवत श्री बालाजी आहे. चंदन नदीच्या काठी रामपायली येथे असलेले श्रीराम बालाजी मंदिर हे आपले जवळचे श्रद्धास्थान. तथापि आयुष्यात एकदा तरी तिरुमला येथे जाऊन श्री व्यंकटेशाचे दर्शन घ्यावे, ही इच्छा घरोघरी असते. पूर्वी ही यात्रा रेल्वेनेच होत असे. आता विमानमार्गाचा विचारही पुष्कळ भाविक करू लागले आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो : "अंतर किती व विमानाला वेळ किती?"

या प्रश्नाचे उत्तर "हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर व प्रत्यक्ष उड्डाण अडीच-पावणेतीन तासांचे" असे एका ओळीत देता येईल. परंतु तेवढ्यावर विसंबून दर्शनाची वेळ ठरविल्यास ती चुकण्याचा संभव फार मोठा आहे. घरातून निघाल्यापासून दर्शनाच्या रांगेत उभे राहीपर्यंत लागणारा वेळ हाच यात्रेकरूच्या दृष्टीने खरा वेळ होय. तो कसा मोजावा, याची माहिती भाविकांच्या सोयीसाठी येथे एकत्रित दिली आहे.

१. अंतराचे तीन प्रकार

एकाच दोन गावांमधील अंतर तीन प्रकारे सांगितले जाते : हवाई अंतर, रस्त्याचे अंतर व रेल्वेचे अंतर. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे वाचून अनेकांचा गोंधळ होतो, त्याचे कारण हेच.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. ते नकाशावरून घरबसल्याही काढता येते. वारासिवनी उत्तर अक्षांश २१ अंश ४५ कलांवर आहे व तिरुपती १३ अंश ३९ कलांवर. दोहोंतील फरक ८ अंश ६ कला, म्हणजे ४८६ कला इतका होतो. अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल व एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ४८६ ला १.८५२ ने गुणिले असता ९०० किलोमीटर येतात. तिरुपती आपल्यापासून किंचित पश्चिमेकडे आहे. तो ६७ किलोमीटरांचा फरक हिशेबात घेतला तरी एकूण अंतर ९०२ किलोमीटरांच्या आसपासच राहते. याचा अर्थ तिरुपती हे वारासिवनीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस आहे.

रस्त्याचे अंतर याहून बरेच अधिक आहे. वारासिवनीहून नागपूर, तेथून आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल व कडप्पा मार्गे तिरुपतीस जाता सुमारे १२०० किलोमीटर पडतात.

रेल्वेने नागपूर ते तिरुपती हे अंतर बल्लारशाह, वरंगळ, विजयवाडा व गुडूर मार्गे सुमारे १०५० किलोमीटर आहे. त्यात वारासिवनीहून नागपूरपर्यंतचे अंतर मिळवावे लागते.

२. उड्डाणकाल म्हणजे काय

अंतराला विमानाच्या वेगाने भागले की उड्डाणकाल निघतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात विमान कंपनीच्या वेळापत्रकात दिलेला काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वळसा घेणे या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यामुळे केवळ भागाकाराने आलेल्या वेळेत वीस ते तीस मिनिटे मिळविणे योग्य ठरते.

विमानाच्या प्रकारानुसारही फरक पडतो. लहान विमानतळांवर बहुधा पंख्यांची एटीआर विमाने येतात. त्यांचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. नागपूरसारख्या मोठ्या विमानतळांवरील जेट विमाने ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जातात.

आपल्या यात्रेच्या संदर्भातील हवाई अंतरे पुढीलप्रमाणे आहेत. ही विमानतळ ते विमानतळ अशी आहेत.

गोंदिया (बिरसी) ते हैदराबाद : सुमारे ५१५ किमी
नागपूर ते हैदराबाद : सुमारे ४३० किमी
हैदराबाद ते तिरुपती (रेणिगुंटा) : सुमारे ४१७ किमी
गोंदिया ते तिरुपती, सरळ रेषेत : सुमारे ८७७ किमी
नागपूर ते तिरुपती, सरळ रेषेत : सुमारे ८२७ किमी

यावरून एटीआर विमानाने गोंदिया ते हैदराबाद साधारण दीड तास व हैदराबाद ते तिरुपती साधारण सव्वा तास धरावा. जेट विमानाने नागपूर ते हैदराबाद सव्वा तासाच्या आत-बाहेर होतो. शेवटची दोन सरळ अंतरे केवळ तुलनेसाठी दिली आहेत. थेट विमान नसेल तेव्हा यात्रेकरूस हैदराबाद, चेन्नई किंवा बेंगळुरू येथे विमान बदलावेच लागते.

३. गोंदियाचा बिरसी विमानतळ

आपल्याला सर्वांत जवळचा विमानतळ गोंदियानजीक बिरसी येथे आहे. येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. पुढे तिचा विस्तार झाला व तेथे वैमानिक प्रशिक्षणही सुरू झाले. प्रवासी वाहतुकीचा योग मात्र फार उशिरा आला. केंद्र शासनाच्या उडान योजनेखाली १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिग कंपनीने इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू केली. परंतु ती पुढे खंडित झाली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो कंपनीने गोंदिया–हैदराबाद–तिरुपती अशी सेवा सुरू केली आणि बालाजीच्या भक्तांना या भागातून तिरुपतीचा हवाई मार्ग प्रथमच उपलब्ध झाला.

या इतिहासातून भाविकांनी एक बोध अवश्य घ्यावा. दोन गावांमधील अंतर बदलत नाही, उड्डाणकालही फारसा बदलत नाही. परंतु लहान विमानतळावरील सेवा सुरू होते, बंद होते, तिचे दिवस व वेळा बदलतात. देशातील विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटच्या रविवारी व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जानेवारीत एप्रिलचे तिकीट काढणाऱ्याने मार्चअखेर आपल्या विमानाची वेळ पुन्हा पाहणे अगत्याचे आहे. गोंदियाहून त्या वेळी कोणती सेवा कोणत्या दिवशी चालू आहे, याची खात्री विमान कंपनीकडूनच करून घ्यावी. एखाद्या परिचिताने मागील वर्षी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नये.

वारासिवनीहून बालाघाट व रावणवाडी मार्गे बिरसी विमानतळ सुमारे ५५ ते ६० किलोमीटर असून मोटारीने दीड तास धरावा. पावसाळ्यात आणखी अर्धा तास हाती ठेवावा.

४. नागपूरमार्गे

गोंदियाची सेवा सोयीची नसल्यास नागपूरचा विमानतळ हा दुसरा पर्याय आहे. वारासिवनीहून तेथपर्यंत मार्गानुसार १५० ते १७० किलोमीटर अंतर असून साडेतीन ते चार तास लागतात. नागपूरहून विमानांची संख्या अधिक असल्यामुळे एखादे विमान रद्द झाले तरी दुसरा पर्याय मिळू शकतो, हा त्याचा मोठा लाभ. मात्र हैदराबाद येथे विमान बदलताना मध्ये किमान दोन तासांचा अवधी असावा.

येथे एक अत्यंत महत्त्वाची सूचना. दोन टप्प्यांची तिकिटे शक्यतो एकाच आरक्षण क्रमांकावर घ्यावीत. तसे केल्यास पहिल्या विमानास उशीर होऊन दुसरे चुकले, तर पुढील व्यवस्था करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. थोडे पैसे वाचविण्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे घेतल्यास दुसरी कंपनी अशा उशिराची दखल घेत नाही व तिकिटाचे पैसे वाया जाण्याची शक्यता असते. दहा-बारा जणांच्या मंडळीस हा भुर्दंड फार जड जातो.

५. रेल्वेमार्ग

वारासिवनी हे बालाघाट–कटंगी शाखेवरील स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगाल नागपूर रेल्वेने बांधलेल्या सातपुड्यातील अडीच फुटी अरुंद मार्गाच्या जाळ्याचा हा भाग. या शाखेचे रूपांतर २०१० मध्ये मोठ्या मार्गात झाले. जुन्या पिढीला छोट्या गाडीने गोंदियास जाऊन तेथे मोठ्या गाडीत बसण्याची सवय होती. आजही दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाडीसाठी गोंदिया किंवा नागपूर गाठावे लागते.

नागपूरहून नवी दिल्ली–तिरुवनंतपुरम केरळ एक्सप्रेस तिरुपती स्थानकावर थांबते व तिला नागपूर ते तिरुपती साधारण अठरा तास लागतात. निजामुद्दीन–तिरुपती संपर्क क्रांती एक्सप्रेस हैदराबादकडून जाते. तिला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. गोंदियाहून नागभीड–बल्लारशाह मार्गानेही दक्षिणेकडे जाणाऱ्या काही गाड्या आहेत. त्यांपैकी ज्या तिरुपतीस जात नाहीत, त्यांतून गुडूर अथवा रेणिगुंटा येथे उतरून पुढे जावे लागते. अशा वेळी गाडी त्या स्थानकावर किती वाजता पोहोचते, हे आधी पाहावे. वृद्ध मंडळींना अपरात्री अनोळखी स्थानकावर उतरविणे टाळावे.

६. घरापासून तिरुमलापर्यंतचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वारासिवनीतील घरापासून तिरुमलाच्या डोंगरावर पोहोचेपर्यंतचा काळ असा आहे.

गोंदियामार्गे विमानाने : घर ते बिरसी दीड तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन तास, हैदराबादपर्यंत दीड तास, तेथे थांबा किमान एक तास, तिरुपतीपर्यंत सव्वा तास, सामान मिळण्यास अर्धा तास, रेणिगुंटा विमानतळ ते तिरुपती शहर पाऊण तास, शहरातून तपासणीसह तिरुमलापर्यंत सव्वा तास. एकूण पावणेदहा तास.

नागपूरमार्गे विमानाने : घर ते विमानतळ चार तास, आधी पोहोचण्याचे दोन तास, हैदराबादपर्यंत सव्वा तास, विमान बदलण्यास दोन तास, पुढील सर्व टप्पे वरीलप्रमाणे पावणेचार तास. एकूण तेरा तास.

रेल्वेने : घर ते नागपूर स्थानक चार तास; गाडीची वाट पाहणे एक तास; गाडीत अठरा तास; तिरुपती स्थानक ते तिरुमला दीड तास. एकूण साडेचोवीस तास.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पावणेदहा तासांच्या हवाई यात्रेत प्रत्यक्ष विमानातील वेळ पावणेतीन तासच आहे. उरलेले सात तास रस्त्यावर व विमानतळावर जातात. दुसरी, विमानाने साधारण बारा ते पंधरा तास वाचतात, म्हणजे एका रात्रीचा गाडीतील प्रवास वाचतो. ज्यांना गुडघेदुखीमुळे रात्री गाडीतील वरखाली करणे जमत नाही, त्यांच्यासाठी ही एक रात्र फार मोलाची आहे. ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे व खर्चाचा विचार करणे भाग आहे, त्यांनी रेल्वेने गेल्यास काही फार गमावले असे होत नाही.

७. आधी दर्शन, मग तिकीट

तिरुमला येथील व्यवस्था तिरुमला तिरुपती देवस्थानमकडे आहे. तीनशे रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटे संगणकीय पद्धतीने सुमारे तीन महिने आधी उपलब्ध होतात व त्यांवर दिनांक आणि वेळ नमूद असते. ज्येष्ठ नागरिक व दिव्यांग भाविकांसाठी स्वतंत्र कोटा असतो. निःशुल्क सर्वदर्शनाचे वेळ नेमून दिलेले टोकन तिरुपती येथे मिळते. ब्रह्मोत्सव व वैकुंठ एकादशीच्या काळात यांतील काही सवलती बंद ठेवल्या जातात.

यास्तव क्रम असा असावा : प्रथम दर्शनाचा दिनांक निश्चित करावा, त्यानंतर निवासाची सोय पाहावी व शेवटी प्रवासाचे तिकीट काढावे. पुष्कळदा विमानाचे स्वस्त तिकीट दिसले म्हणून ते आधी घेतले जाते व त्या दिवसाचे दर्शन मिळत नाही. तसेच ज्या दिवशी पोहोचणार त्याच दिवशीचे दर्शन कधीही घेऊ नये. आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करावा, म्हणजे विमानास चार तास उशीर झाला तरी दर्शन चुकत नाही.

अलिपिरी येथून तिरुमलापर्यंतचा घाटरस्ता १८ ते १९ किलोमीटरांचा आहे. पहिला घाटरस्ता १९४४ साली व दुसरा १९७४ साली खुला झाला; आज चढण्यासाठी व उतरण्यासाठी ते वेगवेगळे वापरले जातात. मध्यरात्रीनंतर काही तास घाट बंद ठेवला जातो, म्हणून रात्री उशिरा उतरणाऱ्या विमानाने जाणाऱ्यांनी पहिला मुक्काम तिरुपती शहरातच करावा. पायी जाणाऱ्यांसाठी अलिपिरी मार्गास सुमारे ३५५० पायऱ्या आहेत. श्रीवारी मेट्टू हा मार्ग लहान असून त्यास सुमारे २४०० पायऱ्या आहेत. प्रवासाच्या थकव्यातच हा चढ सुरू करू नये.

८. ज्येष्ठांसाठी व सामानाविषयी

विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर असावा तितका असतो. हृदयविकार, श्वसनविकार अथवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या भाविकांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. चाकांच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच नोंदवावी. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये स्थगित करण्यात आली, हेही खर्चाचा अंदाज करताना ध्यानात घ्यावे.

पूजासाहित्याविषयी विशेष काळजी घ्यावी. कापूर व काडेपेटी हे ज्वालाग्राही असल्यामुळे विमानात नेता येत नाहीत. सुके खोबरे नेण्यासही मनाई आहे. हातातील सामानात नारळ नेण्यास सामान्यतः परवानगी नसते. २०२४ साली शबरिमला यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळासाठी दिलेली सूट ठरावीक मुदतीपुरती होती. हे सर्व साहित्य तिरुपती येथे सहज मिळते, म्हणून घरून नेण्याचा आग्रह धरू नये. परतताना लाडूप्रसाद आणण्यास अडचण येत नाही. देशांतर्गत प्रवासात सामान्यतः १५ किलो सामान जमा करता येते व ७ किलो हाती ठेवता येते. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे. दर्शनासही तेच लागते.

९. या मार्गाची जुनी ओळख

नागपूरकर भोसल्यांचा या मार्गाशी जुना संबंध आहे. रघुजी भोसले (पहिले) यांनी कर्नाटकात स्वारी केली व मे १७४० मध्ये दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली याचा पराभव केला. हे ठिकाण तिरुपतीपासून फार दूर नाही. रघुजींनी तिरुमला येथे दर्शन घेऊन देवाच्या पूजेअर्चेची कायम व्यवस्था लावून दिल्याचा उल्लेख मंदिराच्या इतिहासात येतो. पुढे वैनगंगेच्या खोऱ्यातील आपला प्रदेशही नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला. त्या काळी इकडून दक्षिणेत जाऊन परत येण्यास कित्येक महिने लागत. पुढे रेल्वेने ते अंतर दोन-तीन दिवसांवर आणले, आता विमानाने ते एका दिवसात पार होते.

१०. विनंती

ज्यांना वयामुळे अथवा आजारामुळे कोणताच प्रवास झेपत नाही, त्यांना घरच्या मंडळींनी आग्रह करून नेऊ नये. रामपायलीस जाऊन घेतलेले दर्शनही बालाजीचेच दर्शन आहे, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. जे जाऊ शकतात त्यांनी वरील हिशेब कागदावर मांडून, प्रत्येक टप्प्याला थोडा अधिक वेळ ठेवून यात्रा आखावी. मंडळीपैकी एकाने विमानाच्या व गाडीच्या वेळा निघण्यापूर्वी आदल्या दिवशी पुन्हा तपासाव्यात.

येथे दिलेली अंतरे व वेळा अंदाजाच्या सोयीसाठी आहेत. तिकीट काढताना विमान कंपनी, रेल्वे व तिरुमला तिरुपती देवस्थानम यांची त्या वेळची अधिकृत माहितीच प्रमाण मानावी, ही नम्र विनंती.

सर्वांची यात्रा सुखरूप होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ गोविंदा गोविंदा ॥